व्यसनास जात नाही, उपचारास आहे

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोनच्या पुड्या पकडल्या आणि हे विष भवानीच्या पायथ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, हे साऱ्या महाराष्ट्रास कळून चुकले. पुढे आरोपींची संख्या तिसांच्या वर गेली, त्यांत काही पुजाऱ्यांचीही नावे आली आणि लोकक्षोभ उसळला. त्यांतील दोषी कोण व निर्दोष कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात पडण्याचे आम्हांस कारण नाही. आमच्या मनास लागून राहिलेली गोष्ट निराळी आहे. त्या दिवसांत सभांतून, चौकांतून आणि घराघरांतून प्रश्न विचारला जात होता तो एकच : हा माल आणला कोणी आणि विकला कोणी? ज्यांच्या अंगात तो भिनला त्या तरुणांनी बरे होण्यासाठी कोणत्या दारी जावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. वस्तुतः विकणाऱ्यास शिक्षा करणे हे राज्याचे अर्धे कर्तव्य झाले. उरलेले अर्धे कर्तव्य व्यसनात सापडलेल्याला बाहेर काढण्याचे आहे. आणि या दुसऱ्या अर्ध्यात आपल्याकडे किती मोठी विषमता नांदते आहे, ती वाचकांपुढे मांडण्यासाठीच आज या विषयास आम्ही पहिल्या पृष्ठावर स्थान देत आहो.

सोलापुरातील एखाद्या सधन वसाहतीतील मुलगा गर्दच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या नादी लागला, तर काय होते हे आपण सर्व जाणतो. घरात कुजबूज होते, डॉक्टर मित्राला फोन जातो, 'हवापालट' म्हणून मुलगा पुण्याला रवाना होतो. महिना-दीड महिन्याने तो परततो तेव्हा शेजाऱ्यांस 'कोर्स होता' असे सांगितले जाते. हा मुलगा रुग्ण असतो, आणि त्याला रुग्ण म्हणून वागविले जाते हे योग्यच होय. आता हेच व्यसन माळरानावरील पारधी वस्तीवरच्या, झोपडपट्टीतल्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या मुलाला जडले, तर त्याची पहिली गाठ बहुधा डॉक्टरशी पडत नाही, शिपायाशी पडते. द्रव्य तेच, शरीर तेच, यातनाही त्याच. परंतु एकाच्या नावापुढे केसपेपर तयार होतो आणि दुसऱ्याच्या नावापुढे गुन्हा क्रमांक पडतो.

'व्यसन जातपात पाहत नाही' हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते, व ते खरेही आहे. परंतु त्यावरून उपचारही जातपात पाहत नसावा, असे जे अनुमान आपण नकळत काढतो ते मात्र साफ चूक आहे.

हा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो अफूपासून निघणाऱ्या किंवा अफूसारखा परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत : अफू, हेरॉइन, आपल्याकडे ज्यास गर्द म्हणतात ती ब्राउन शुगर, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या. मेफेड्रोनवर उतारा म्हणून देता येईल असे सिद्ध औषध आज वैद्यकापाशी नाही. तेथे समुपदेशन आणि सोबत यांवरच भिस्त ठेवावी लागते. अफूच्या कुळातील व्यसनावर मात्र औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की मेंदूतील ज्या केंद्रांवर हेरॉइन कब्जा करते तीच केंद्रे ती व्यापते. परंतु तिने हेरॉइनसारखी धुंदी चढत नाही, आणि एका मात्रेचा परिणाम दिवसभर टिकतो. अंग मोडून येणे, हगवण, कापरे, झोप उडणे ही 'टर्की'ची लक्षणे शमतात, ओढ कमी होते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. मेथाडोनचे कार्यही याच जातीचे. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. रुग्ण या औषधांवर असतो तोपर्यंत त्याच्या मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, हे देशोदेशींच्या अनुभवाने ठरून गेले आहे. याउलट, नुसते दहा-पंधरा दिवस कोंडून 'शरीर स्वच्छ' केले तर माणूस पुष्कळदा पुन्हा घसरतो. आणि दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने जुनीच मात्रा त्याच्या जिवावर बेतते. म्हणजे येथे औषध मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर हे जगणे आणि मरणे यांतील अंतर आहे. ज्या रोगावर इलाज नाही तेथील विषमता दैवाच्या माथी मारता येईल. इलाज असताना राहणाऱ्या विषमतेची जबाबदारी माणसांवरच येते.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला बोलका आहे. त्या देशात २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूस अफूच्या कुळातील द्रव्येच कारण होती. तेथे औषधाची टंचाई नव्हती. परंतु औषध देण्याच्या दोन वाटा होत्या. १९७० नंतरच्या दशकात शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत हेरॉइन पसरले तेव्हा मेथाडोनची केंद्रे निघाली. तेथे रोज सकाळी रांगेत उभे राहून नर्सच्या डोळ्यांदेखत औषध घ्यावे लागे. पुढे व्यसन गोऱ्या मध्यमवर्गाच्या उपनगरांत शिरले. २००२ साली ब्युप्रेनॉर्फिनला मान्यता मिळाली ती मात्र खाजगी डॉक्टरच्या दवाखान्यात, चिठ्ठीवर, सन्मानाने घरी नेण्यासाठी. एकाच रोगाच्या दोन वाटा झाल्या : एक पहाऱ्याची आणि दुसरी विश्वासाची.

२०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा हिशेबच मांडला. अतिमात्रेने किंवा व्यसनजन्य आजाराने रुग्णालयात येऊन गेलेल्या, अपंगत्वामुळे सरकारी विमा मिळालेल्या रुग्णांपैकी पुढील सहा महिन्यांत ब्युप्रेनॉर्फिन मिळाले ते गोऱ्यांपैकी २३.३ टक्के, हिस्पॅनिकांपैकी १८.७ टक्के आणि कृष्णवर्णीयांपैकी अवघ्या १२.७ टक्के प्रसंगी. वाचकांनी ध्यानात घ्यावे की या साऱ्यांचा विमा एकच होता आणि डॉक्टरकडील त्यांच्या खेपांतही मोठे अंतर नव्हते. कृष्णवर्णीय रुग्ण डॉक्टरपुढे जाऊन बसला होता. चिठ्ठी तेवढी लिहिली गेली नव्हती. 'ते लोक उपचाराला येतच नाहीत' ही सबब या आकड्यांनी निकालात काढली. अमेरिकेचे उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्या समाजाने आपल्या पापाचा जमाखर्च लिहून ठेवला, म्हणूनच ते जगास दिसू शकले, हे आम्ही नमूद करू इच्छितो. आपण तो लिहीतच नाही.

आपल्याकडचा इतिहास काही कमी बोधप्रद नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि त्या व्यापारातून मुंबईची कित्येक घराणी उदयास आली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्याच दानातून १८४५ साली आजचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. पुढे त्याच मुंबईत गिरणीच्या पाळीवर जाणारी आई तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवी, कारण ते सांभाळण्यास दुसरे कोणी नसे. एकाच पदार्थाने एकास 'सर' केले आणि दुसरीच्या लेकरास गुंगीत ठेवले. स्वातंत्र्यानंतर, १९५९ च्या १ एप्रिलपासून, वैद्यकीय कारणाखेरीज अफूचे सेवन देशभर बंद झाले. मात्र नोंद झालेल्या जुन्या व्यसनींना ठरीव अफू देण्याची तरतूद ठेवावी लागली. ज्याची सवय तोडता येत नाही त्यास देखरेखीखाली मात्रा द्यावी, हा विचार आपल्या राज्यकारभाराला परका नव्हता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्द आली. अनिल अवचट यांनी त्या दुनियेचे जे चित्र रेखाटले, त्याने मराठी वाचक हादरला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. या संस्थेचे ऋण महाराष्ट्र कधीही फेडू शकणार नाही. ऐपत नसलेल्यासही तिने आधार दिला आहे. परंतु संस्था कितीही उदार असली, तरी ती पुण्यात आहे. महिनाभराहून अधिक काळ निवासी उपचार घेणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडविणे. संस्थेने शुल्क माफ केले तरी मागे राहिलेल्या चुलीचे शुल्क कोण माफ करणार? ज्याच्या घरी रजा, पगार आणि जमीन आहे त्यालाच निवासी उपचार परवडतो. आणि रजा, पगार व जमीन या तिन्ही गोष्टी आपल्या देशात जातीच्या उतरंडीनेच वाटल्या गेल्या आहेत. कोणाच्या मनात दुजाभाव नसतानाही परिणाम दुजाभावाचाच होतो, तो असा.

देशाचे एकूण चित्र केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सापडते. अफूच्या कुळातील पदार्थांमुळे ज्यांस मदतीची गरज आहे अशांची संख्या त्या पाहणीने सुमारे ७७ लाख धरली. त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. दारूच्या आहारी पूर्णपणे गेलेल्या ३८ जणांमागे अवघ्या एकास कसला ना कसला उपचार मिळतो, असेही तीच पाहणी सांगते. खेड्यापाड्यांत दारू हेच मुख्य व्यसन असल्याने हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहो. हा ३८ मधील एक कोण? तो कोणत्या वस्तीतला, कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी दारू कोण पितो हे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती असे रकाने पाडून सांगते. बरे होण्याची संधी कोणाला मिळते, हे तशाच रकान्यांत मांडून प्रसिद्ध करण्याची रीत मात्र आपल्याकडे पडलेली नाही. दुर्गुणांची मोजदाद जातवार आणि उपचाराची मोजदाद सरसकट, ही आपल्या दप्तराची तऱ्हा आहे.

आता कायद्याकडे वळू. १९८५ च्या मादक द्रव्य कायद्यात सेवन हा गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४ अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालविता येत नाही. एवढी उदार तरतूद कायद्यात असता तिचा लाभ घेतो कोण? ज्याला वकील आहे तो. 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने २०१७ व २०१८ या दोन वर्षांत मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांनी निकालात काढलेले या कायद्याखालील खटले तपासले, तेव्हा दहा हजारांहून अधिक खटल्यांपैकी जवळजवळ सर्वच केवळ सेवनाचे आढळले, आणि शिक्षा झालेल्यांत रोजंदारीवरील मजूर व झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणारे यांचाच भरणा होता. गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि सुटावे, हीच गरिबाची रीत. दंडाची पावती हाती पडते, परंतु व्यसन जिथल्या तिथे राहते. आणि पुढच्या खेपेस तो 'जुना गुन्हेगार' ठरतो.

या 'जुना गुन्हेगार' शब्दास आपल्या भागात फार लांबचा आणि कडू इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचा जन्म हाच गुन्हा ठरविला. त्या कायद्याखालील तारेच्या कुंपणाची वसाहत या सोलापुरातच होती, आणि 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या बोलण्यात आजही आहे. १९५२ साली तो कायदा गेला. परंतु 'सवयीच्या गुन्हेगारां'चे कायदे मागे राहिले, आणि पोलीस चौकीच्या मनातील यादी तर कोणत्याच विधिमंडळाने रद्द केली नाही. सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या, आणि विमुक्त जमातींतील लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांस बजवावे लागले, यातच सारे आले. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या वर दिसतो. अशा समाजांतील व्यसनी माणूस सरकारी दवाखान्याची पायरी चढण्यास का बिचकतो, हे समजण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. जेथे नाव सांगावे लागते तेथे त्याच्या नावाने आजवर त्याचा घातच केला आहे.

जातीच्या जोडीला प्रदेशाचाही भेद आहे. धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. आरोग्याच्या सोयींत त्याने आरंभापासूनच मागे राहण्याचा वारसा घेतला. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्यास त्यांतील एकही आले नाही. २०१८ साली केंद्राने मागास ठरलेले जे जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार होते आणि हा जिल्हा त्यांपैकी एक. त्यातच दसऱ्यानंतर येथील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. त्यांत दलित, बंजारा, वंजारी, पारधी यांची संख्या मोठी. ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे ठरावीक केंद्रांतून, आणि सर्वसाधारणपणे रोज समक्ष, दिले जाते. जो माणूस वर्षाचे पाच-सहा महिने उसाच्या फडात असतो, त्याने रोज कोणत्या केंद्राशी हजेरी लावावी? २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांस काही दिवसांची मात्रा घरी नेऊ देण्याची मुभा द्यावी लागली. साथीच्या भयाने जे जमले, ते उसतोड मजुराच्या सोयीसाठी का जमू नये?

यावर 'हे सारे खरे, परंतु खेड्यात डॉक्टर कोठून आणणार?' असा प्रश्न नेहमीप्रमाणे येईल. त्याचे उत्तर शोधण्यास आम्हांस परदेशी जावे लागत नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गाच्या शेजारी अणदूर गाव आहे. १९९३ साली डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने तेथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले. त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावे जमीनदोस्त झाली आणि सेवेची कसोटी लागली. या संस्थेचे मर्म तिच्या रुग्णालयाच्या इमारतीत नाही, 'भारतवैद्य' या कल्पनेत आहे. गावातलीच, बेताचे शिकलेली बाई निवडावी, तिला साध्या आजारांचे उपचार, बाळंतिणीची व बालकाची काळजी शिकवावी, आणि रोगी दवाखान्याकडे येण्याची वाट न पाहता दवाखानाच तिच्या रूपाने गावात राहावा, ही ती कल्पना. त्यापूर्वी, १९७० पासून, जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी हेच सिद्ध केले होते, आणि तेथे आरोग्यसेविका झालेल्यांत अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील स्त्रिया होत्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नसे, तिच्या हातचे औषध गावाने घेतले. डॉ. शशिकांत अहंकारी आज हयात नाहीत. परंतु त्यांनी घालून दिलेला धडा या जिल्ह्यासमोर आहे.

अणदूरचे लोक हा धडा निराळ्या रीतीने फार पूर्वीपासून जाणतात. तेथील खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ अणदुरास असते आणि काही काळ नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास. दोन्ही गावांनी देव वाटून घेतला नाही, त्याच्या मुक्कामाची पाळी ठरविली. जिथे देव एका गावचा होऊन राहत नाही, तिथे औषधाने एका शहरात ठाण मांडून बसावे, हे त्या भूमीस शोभणारे नव्हे.

व्यसनाचा उपचार हा खोकल्या-तापासारखा सोपा नाही, तो 'बेताचे शिकलेल्या' बाईकडे कसा सोपवावा, हा आक्षेप आम्ही गृहीत धरतो. औषध लिहिण्याचे काम डॉक्टरचेच आहे व राहील. परंतु व्यसन ओळखणे, घरच्यांशी बोलणे, औषध चुकले तर दार ठोठावणे, आणि घसरलेल्यास पुन्हा धीर देणे हा उपचाराचा मोठा भाग आहे, व तो पुण्याच्या तज्ज्ञापेक्षा गल्लीतली बाईच अधिक चांगला करू शकेल. ज्या वस्तीवर पोलिसाच्या बुटांखेरीज सरकार कधी आले नाही, तेथे त्याच वस्तीतील स्त्रीच्या रूपाने सरकार आले, तरच विश्वास बसेल. स्वतः व्यसनात सापडलेल्या स्त्रिया तर आज कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. नवऱ्याच्या व्यसनाची लाज घराला वाटते, बायकोच्या व्यसनाची लाज साऱ्या कुळाला वाटते. मग ती लपविली जाते आणि लपूनच मरते. तिच्यापर्यंत पोहोचण्यास दुसरी स्त्रीच हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपचार केंद्रात जात विचारावयास लागलात तर तेथेही शिक्का बसेल, असे काही विचारवंत म्हणतील. ही भीती निराधार नाही. तुरुंगांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश वर उल्लेखिलेल्या निकालात न्यायालयानेच दिला. परंतु माणसामाणसांत भेद करण्यासाठी ठेवलेली नोंद आणि झालेला भेद उघडा पाडण्यासाठी, नाव वगळून, केलेली गणती या दोन भिन्न गोष्टी होत. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढील जनगणनेत जातींची गणना करण्याचे जाहीर केले आहे. जागा आणि मतदारसंघ यांच्या हिशेबासाठी जात मोजावयाची आणि औषध कोणास मिळाले हे मोजताना तेवढा सोवळेपणा आठवावयाचा, हे बरे नव्हे. महाराष्ट्रास हा मार्ग नवा नाही. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि रस्ते, पाटबंधारे, आरोग्य यांचा विभागवार अनुशेष आकड्यांत मांडला गेला. तो मांडला गेला म्हणूनच मराठवाड्यास आपली मागणी नेमक्या शब्दांत करता आली. व्यसनोपचाराचाही अनुशेष आहे. तो मांडला जात नाही, म्हणून कोणी मागतही नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक द्रव्यांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या विकारांचा मानसिक आजारात समावेश केला आहे, आणि धर्म, जात, वर्ग, लिंग यांवरून भेद न करता उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहून ठेवला आहे. तेव्हा आम्ही जे मागतो आहो ती दया नव्हे. संसदेने दिलेल्या वचनाची ती वसुली आहे. आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, धाराशिवास आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तेथे अफूच्या कुळातील व्यसनांवरील औषधोपचाराची कायम सोय व्हावी, आणि तुळजापूर, उमरगा येथील रुग्णालयांतील डॉक्टरांस ते औषध देण्याचे शिक्षण मिळावे. दुसरी, आशा सेविका आणि भारतवैद्य यांच्यासारख्या कार्यकर्त्यांवर पाठपुराव्याचे काम मोबदल्यासह सोपवावे, आणि स्थलांतर करणाऱ्या मजुरास काही दिवसांची मात्रा व कोणत्याही जिल्ह्यात चालणारे उपचारपत्र द्यावे. तिसरी, सेवनाच्या आरोपाखाली पकडलेल्या प्रत्येकास कलम ६४ अ चा अर्थ मराठीतून समजावून सांगण्याची जबाबदारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पार पाडावी. व्यसनग्रस्तांना कायदेशीर साहाय्य देण्याची राष्ट्रीय प्राधिकरणाची योजना २०१५ पासून त्यासाठीच आहे. चौथी, उपचारास आलेले, टिकलेले व परतलेले किती, याचे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटके, अल्पसंख्य आणि स्त्रिया असे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

आमच्या सुशिक्षित वाचकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्या घरातील मुलगा चुकला तर आपण त्यास आजारी म्हणतो, आणि तसे म्हणतो म्हणूनच तो पुष्कळदा वाचतो. तोच शब्द आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलासाठी आपल्या तोंडून निघत नाही. तेथे 'तसलीच वस्ती ती' असे आपण सहज बोलून जातो. हा शब्दांचा फरक चौकीवर जाऊन गुन्हा बनतो आणि दवाखान्यात जाऊन नकार बनतो. कायदा बदलणे आपल्या हाती नसेल, बोलणे बदलणे आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत वरील चार मागण्यांवर चर्चा व्हावी आणि त्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली जावी. धाराशिवच्या लोकप्रतिनिधींपैकी कोण हा विषय मांडतो आणि कोण गप्प राहतो, याची नोंद आम्ही याच पृष्ठावर ठेवणार आहो.